कूलरचा रंग सोलतो कुठून? पावडर कोटिंगचा इतिहास, उलटा वाचलेला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे एपिसोडचं हे लिखित रूप. बोलतानाची अडखळ तेवढी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.

या वेळचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला निघालं की आंजी लागतं. कागदोपत्री नाव आंजी (मोठी). तिथल्या आपल्या एका तरुण श्रोत्याचं वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. वर्षभर ग्रिल आणि गेट, आणि होळी जवळ आली की कूलर. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत सांगतो:

"दादा, दोन वर्षाआधी बारा कूलर बनवले. ब्रशनं कलर नाई मारला, पैसे देऊन पावडर कोटिंग करून आणली. आता तो कलर पापडावानी निघून रायला. लोकं मले म्हणते, तू आमाले फसवलं. माह्यं चुकलं कुठं?"

बारा कूलर म्हणजे गावातली बारा घरं. छोट्या गावात दुकान चालतं ते शब्दावर. म्हणून हा प्रश्न नुसता रंगाचा राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा तर इतिहासाचा पॉडकास्ट, इथे कूलर कुठून आला? तर ऐका. पावडर कोटिंगमध्ये जेवढी कामं एकापाठोपाठ करतात, त्यातलं प्रत्येक काम कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी अडचणीतून शोधलं आहे. त्यामुळे रंगात दोष दिसला की त्या इतिहासातलं नेमकं कुठलं पान गळालं ते शोधता येतं. आज आपण तेच करू. आधी गोष्ट सुरुवातीपासून ऐकू आणि मग दोषापासून मागे येऊ.

लोखंडाला परत माती व्हायचं असतं

विदर्भ आणि लोखंड यांची ओळख फार जुनी. नागपूरच्या उत्तरेला पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचं गाव आहे. तिथे 1970च्या दशकाच्या शेवटी डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं, तेव्हा लोखंड गाळायची भट्टी सापडली. महापाषाणयुगातली, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुनी. मोठमोठ्या दगडांची वर्तुळं रचून त्यात मृतांना पुरणारे ते लोक. त्यांच्याकडे लोखंडाच्या कुऱ्हाडी होत्या, खंजीर होते.

म्हणजे आपल्या भागात लोखंड गाळायची कला इतकी जुनी. आणि तेव्हापासूनच त्याच्यामागे एक दुखणंही आहे: गंज. खाणीतून निघतं तेव्हा लोखंड ऑक्सिजनशी जोडलेलं असतं, माती-दगडाच्या रूपात. आपण कोळसा जाळून, उष्णता देऊन त्याला सोडवतो. पण पाणी आणि हवा मिळाली की ते पुन्हा ऑक्सिजनशी जोडलं जातं. गंज म्हणजे लोखंडाचा परतीचा प्रवास. क्षार असलेलं पाणी मिळालं तर तो प्रवास आणखी वेगानं होतो.

आता कूलर म्हणजे काय? लोखंडी पत्र्याचा डबा, तळाशी चार महिने पाणी, वर पंखा भरभरून हवा ओढतोय, आणि पाणी बहुतेक ठिकाणी बोअरचं, जड. लोखंड गंजवायचं यंत्र मुद्दाम बनवायचं ठरवलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं!

मेहरौलीचा खांब

पण सगळंच लोखंड गंजत नाही. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ तुम्ही फोटोत तरी बघितला असेल. सुमारे 1600 वर्षं ऊन-पावसात उभा आहे. त्यावरच्या लेखात 'चंद्र' नावाचा राजा आहे. तो चंद्रगुप्त दुसरा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याशी त्याचं नातंही आहे बरं का. त्याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिली होती. नवरा गेल्यावर रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून तिनं राज्यकारभार पाहिला.

आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी या खांबाचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्या जुन्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे पृष्ठभागावर लोखंड आणि फॉस्फेट यांचा एक पातळ, घट्ट थर तयार झाला आणि त्यानं आतलं लोखंड वाचवलं, असं त्यांनी दाखवलं. हा 'फॉस्फेट' शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

कल्हईवाल्याची शिस्त

आता दुसरं चित्र डोळ्यासमोर आणा. तुमच्या आजीला विचारा, ती सांगेल. गल्लीत कल्हईवाला यायचा. जमिनीत छोटा खड्डा, भाता, कोळसे. तांब्या-पितळेचं भांडं आधी घासूनपुसून लख्ख करायचा, मग तापवायचा. कथील लावायचा, नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि कापसाच्या बोळ्यानं तो गर्रकन कथील फिरवायचा. भांडं आतून चांदीसारखं.

क्रम बघा. आधी सफाई, मग उष्णता, मग लेप. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तापलेल्या धातूवर जी ऑक्साईडची साय येते ती तो काढून टाकतो, म्हणून कथील धातूला धरतं. भांड्यावर तेलाचा बोट लागलेला राहिला तर तिथे कल्हई धरायची नाही. हे त्याला रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

पावडर कोटिंगचा पाया हाच आहे. फक्त खड्ड्याच्या जागी ओव्हन आला आणि कथलाच्या जागी प्लास्टिकच्या जातीची पूड.

बर्मिंगहॅम, 1906

कल्हईच्या नवसागराचं काम लोखंडावर करेल असं काहीतरी हवं होतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कोस्लेट यानं 1906 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लोखंडाच्या वस्तू त्यानं फॉस्फरिक ॲसिडच्या गरम द्रावणात बुडवल्या. पृष्ठभागावर फॉस्फेटचा करडा, स्फटिकांचा थर आला. मेहरौलीच्या खांबावर जे काम शतकानुशतकं हळूहळू झालं, तसलंच काहीसं इथे टाकीत थोड्या वेळात होऊ लागलं.

या थराचे दोन फायदे. एक, गंज लवकर पसरत नाही. दुसरा आपल्या कामाचा: तो सूक्ष्म पातळीवर खरखरीत असतो. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही म्हणून आपण टाचे मारतो ना, तसंच. रंग त्या स्फटिकांच्या खाचांत रुतून बसतो.

आजही कोटिंगच्या कारखान्यात 'सात टाक्या' म्हणतात ती पद्धत याच कुळातली. तेल काढायची टाकी, पाण्याची टाकी, गंज काढायची ॲसिडची टाकी, पुन्हा पाणी, फॉस्फेटची टाकी, पुन्हा पाणी आणि शेवटी पॅसिव्हेशन. मग पूर्ण वाळवण. एकाही ठिकाणी अजून रंगाचा पत्ता नाही, हे लक्षात घ्या.

थिनरशिवायचा रंग

ओल्या रंगात थिनर असतो. तो रंग पातळ करतो आणि मग हवेत उडून जातो. म्हणजे आपण पैसे देऊन विकत घेतलेला माल हवेत सोडतो, आणि तो वास रंगाऱ्याच्या फुप्फुसात जातो. शिवाय रंग ओघळतो.

जर्मनीत एर्विन गेमर नावाचा संशोधक होता. त्यानं वेगळीच वाट काढली आणि 1953 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. एका पेटीत बारीक पूड भरायची, खालून हवा सोडायची. पूड उकळत्या पाण्यासारखी तरंगायला लागते. त्यात तापवलेली वस्तू बुडवायची. पूड गरम धातूला लागली की वितळते आणि चिकटते. थिनर नाही, ओघळ नाही. अडचण एकच, थर फार जाड यायचा. पाइप आणि विजेच्या सामानाला ते चाललं, कपाटाला किंवा खुर्चीला नाही.

मग 1960च्या दशकाच्या सुरुवातीला विजेचा भार देऊन पूड उडवणाऱ्या गन आल्या. गनच्या टोकाला साधारण 60 ते 100 हजार व्होल्ट असतात, पण करंट अगदी नगण्य. पुडीच्या कणांना भार मिळतो. समोर टांगलेला जॉब जमिनीशी, म्हणजे अर्थला जोडलेला असतो. कण त्याच्याकडे ओढले जातात आणि नुसते चिकटून राहतात, अजून न वितळता. बोट फिरवलं तर पुसले जातील असे. मग जॉब ओव्हनमध्ये. धातूचं तापमान साधारण 180 ते 200 अंश, आणि त्या तापमानाला दहा ते वीस मिनिटं. पूड वितळते, सपाट पसरते, आणि मग तिचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कायमचे घट्ट होतात. थर साधारण 60 ते 80 मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ डोक्याच्या केसाएवढा.

1966 मध्ये लॉस एंजेलिसनं हवेतल्या थिनरवर निर्बंध आणले, 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले, आणि थिनरवाला रंग महाग पडायला लागला. तिथून पावडर कोटिंग जगभर वाढत गेलं. आज तुमच्या घरातलं फ्रीजचं अंग, खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट, ऑफिसची खुर्ची, जिमचं सामान, सगळीकडे तेच.

आता उलटं वाचू

चला, आता आंजीच्या कूलरकडे. सोललेला एक तुकडा हातात घ्यायचा आणि सगळ्यात आधी तो पालथा करायचा. रंगाची पाठ बघायची.

पाठीवर तांबडा गंज चिकटलाय? मग कोटिंग गंजावर बसलं होतं, किंवा धुतल्यावर जॉब नीट वाळायच्या आत पुन्हा गंज चढला. पावसाळ्यात हे हमखास होतं. काळी-निळी खपली चिकटली आहे? ती अँगलवरची, गरम लाटताना आलेली साय. रंग सायीला धरून बसला आणि साय लोखंडाला सोडून निघाली. आणि पाठ एकदम स्वच्छ, खाली पत्रा चकाचक? मग रंगाला रुतायला खाचच मिळाली नव्हती. म्हणजे फॉस्फेटची पायरी झालीच नाही, किंवा नावापुरती झाली. 1906चं पान गळालं.

पापडासारखा निघतो म्हटल्यावर माझा पहिला संशय इथेच. त्यातून कूलर जीआय पत्र्याचा असेल तर गोम आणखी वेगळी. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. त्याला साध्या लोखंडासारखं गंज काढायच्या ॲसिडमध्ये बुडवलं तर जस्तच निघून जातं. आणि नुसतं कापडानं पुसून रंगवलं तर जस्ताच्या गुळगुळीत अंगावर रंग धरत नाही. जस्ताला चालेल अशी वेगळी प्रक्रिया लागते. म्हणून कोटिंगवाल्याला पत्रा कुठला ते आधी सांगायचं, आणि तो काय करणार ते विचारायचं.

तपासायची एक फुकट युक्ती आहे. टाकीतून धुऊन निघालेल्या पत्र्यावर पाणी बघा. अखंड चादरीसारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन फाटलं तर तेल अजून शिल्लक आहे. आणि कोटिंग झाल्यावर एका टाकाऊ तुकड्यावर ब्लेडनं दोन-दोन मिलिमीटरच्या उभ्या-आडव्या रेघा मारा, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन निघून आले तर तो माल घेऊ नका.

आता दुसरं पान, 1836चं. लंडनमध्ये मायकेल फॅरेडेनं एक खोलीएवढा पिंजरा बांधून त्याला धातूचा पत्रा लावला. बाहेरून विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि स्वतः उपकरणं घेऊन आत बसला. आत विजेचा मागमूस नाही. भार सगळा बाहेरच्या अंगावर.

कूलर म्हणजे तसाच पत्र्याचा डबा! जोडून पूर्ण केलेल्या डब्यावर गन मारली की पूड बाहेरच्या अंगावर आणि कडांवर छान बसते, आतल्या कोपऱ्यात जायला तयार नसते. आणि पाणी कुठे साचतं? तळाच्या त्याच आतल्या कोपऱ्यात. बाहेरून चकाचक, आतून अर्धा उघडा. गंज आत सुरू होतो, रंगाखालून सरकत जातो आणि वर्ष-दोन वर्षांनी बाहेर फोड येतो.

उपाय? शक्य तेवढे पत्रे सुटे असतानाच कोटिंग करा, भोकं आधी पाडून घ्या आणि नंतर बोल्टनं जोडा. डबाच पाठवावा लागला तर कोपरे आधी, व्होल्टेज आणि हवेचा जोर कमी ठेवून. तरी जमत नसेल तर गेमरची 1953ची युक्ती आठवा: जॉब आधी तापवून घ्या. मग विजेनं न जाणारी पूडही गरम कोपऱ्याला लागली की चिकटते. आणि ज्या हुकला जॉब टांगतात त्याच्यावर जुन्या रंगाचे थर साचले असतील तर अर्थच मिळत नाही. हुक साफ हवेत.

संत्र्याची साल आणि इतर मंडळी

बाकीचे दोष पटापट बघू.

रंगाला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा. आपल्या भागात याचं वर्णन कुणाला समजावायला नको! थर फार जाड झाला, किंवा ओव्हन इतका सावकाश तापला की पूड सपाट पसरायच्या आतच घट्ट झाली.

टाचणीएवढी छिद्रं. बिडाच्या ओतीव वस्तूंत आणि जस्ताच्या मुलाम्यात अडकलेला वायू तापल्यावर बाहेर पडतो आणि वितळलेल्या रंगाला भोक पाडतो. रंगवण्याआधी जॉब एकदा ओव्हनमधून काढला तर वायू आधीच निघून जातो.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे. कॉम्प्रेसरच्या हवेतून तेल किंवा पाणी येतंय. फिल्टर बघा, टाकीतलं पाणी रोज सोडा. जवळपास कुणी सिलिकॉनचा स्प्रे वापरत असेल तर तोही थांबवा.

रंग ठिसूळ, नखानं किंवा नाण्यानं खरवडला जातो. कच्चा राहिला. ओव्हनचा काटा हवेचं तापमान सांगतो. जाड अँगल त्या तापमानाला पोहोचायला वेळ घेतो. मिनिटं मोजायची ती धातू तापल्यापासून.

उन्हात रंग खडूसारखा पांढरा पडून हाताला लागतो. इपॉक्सी पूड वापरली. ती घरातल्या कपाटाला उत्तम, पण ऊन तिला सोसत नाही. खिडकीबाहेरच्या कूलरला शुद्ध पॉलिस्टर पूड मागा.

आणि एक खास आपल्याकडचं. पुडीच्या पेट्या थंड, कोरड्या जागी ठेवायच्या असतात, साधारण 25-30 अंशांच्या आत. वर्ध्याचा मे 45 अंशांपर्यंत जातो. टिनाच्या शेडमध्ये ठेवलेली पूड न वापरताच गुठळ्या धरते.

जिथे रंग नको

आता सगळ्यात महत्त्वाचं. कृपया इथे फॉरवर्ड करू नका.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. त्यात लहान मुलं असतात. ओली फरशी, ओले हात, पत्र्याचं अंग. पावडर कोटिंगचा थर वीज अडवतो हे खरं, आणि म्हणूनच त्याच्यामुळे दोन गैरसमज होतात.

पहिला: रंग आहे म्हणजे शॉक लागणार नाही. चूक. एक ओरखडा, एक स्क्रू, एक कापलेली कड पुरेशी आहे.

दुसरा जास्त घातक. अर्थिंगची वायर रंगावरच स्क्रूनं आवळली जाते. वायर दिसते, अर्थ मिळत नाही. रंगच मधे भिंत बनून बसलेला असतो. म्हणून कोटिंगला पाठवतानाच अर्थिंगच्या बोल्टची जागा उष्णता सोसणाऱ्या टेपनं झाकायला सांगा. राहून गेलं तर तिथला रंग धातू दिसेपर्यंत खरवडा, न गंजणारा बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. मग मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या मोठ्या पिनला, दुसरं कूलरच्या उघड्या धातूला. रीडिंग जवळजवळ शून्य ओहम यायला हवं. घरातल्या सॉकेटलाही खरं अर्थिंग हवं, आणि बोर्डात आरसीसीबी असेल तर फारच चांगलं. पाणी भरताना प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही.

आंजीच्या मित्राला

तर भाऊ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू फसवलं नाहीस, पण तू फक्त शेवटचं काम विकत घेतलंस आणि आधीची कामं झाली का ते विचारलं नाहीस. विचारायला हवं हे कुणी तुला सांगितलंही नव्हतं.

बारा घरी जा. आधी अर्थिंग तपासून दे, आजच, पैसे न घेता. मग सोललेला रंग पूर्ण काढ, गंज घासून काढ, जस्तावर धरेल असा प्रायमर मार आणि तळाला आतून जाड इपॉक्सी रंगाचे दोन हात दे. ही मलमपट्टी आहे, पण दोन उन्हाळे निघतील अशी. पुढच्या मोसमाला सुटे पत्रे घेऊन कोटिंगवाल्याकडे स्वतः जा आणि त्याच्या टाक्या बघ. पत्र्यावरचं पाणी बघ. ब्लेड आणि चिकटपट्टी खिशात ठेव.

गल्लीतला कल्हईवाला सगळं काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करायचा. भांडं घासलं की नाही ते आजी ओट्यावर बसून बघायची. आता ते काम शहरातल्या शेडमध्ये, आपल्या नजरेआड होतं. तिथे आजीच्या जागी तुलाच बसावं लागेल.

तुमच्या घरच्या कूलरची पाठ आज बघून घ्या मंडळी, आणि काय दिसलं ते व्हॉइस नोटनं कळवा. पुढच्या वेळी भेटू. काळजी घ्या!